'बोर्ड गेलंय' म्हणजे नक्की काय गेलंय?

"सर, बोर्ड गेलंय."

मित्रांनो, हे वाक्य तुमच्याही घरी कधी ना कधी ऐकू आलं असेल. वॉशिंग मशीन असो, एसी असो नाहीतर फ्रीज. कंपनीचा माणूस येतो, दोन बटणं दाबतो, तोंडाने 'च्यक्' असा आवाज काढतो आणि बोर्ड गेल्याचं जाहीर करतो. घरात कुणी गेल्यासारखे सगळे क्षणभर गप्प होतात. मग कुणीतरी किंमत विचारतं, आणि किंमत ऐकली की दुसरं कुणीतरी म्हणतं, "मग नवीनच घ्यावं का?"

२०२५ च्या जूनमध्ये हे वाक्य मी खारघरला मामांच्या स्वयंपाकघरात ऐकलं. मशीन होतं भांडी घासायचं, म्हणजे डिशवॉशर. मी मूळची कराडची, इथे होस्टेलला राहते आणि रविवारी मामांकडे जेवायला जाते. (का जाते, हे मेसमध्ये जेवणाऱ्यांना सांगायला नको. संपादक मंडळ एवढं छापेल अशी आशा आहे.) त्या रविवारी जेवण झालं, मामीने भांडी मशीनमध्ये लावली, बटण दाबलं आणि आतून नुसतं 'घूंऽऽ' असं सुरू झालं. पाणी आत येईना. घुरघुर थांबेना. पडद्यावर एक अक्षर आणि दोन आकडे लुकलुकत राहिले.

आता तुम्ही म्हणाल, डिशवॉशर म्हणजे श्रीमंतांची थेरं. त्यावर काय लेख लिहायचा? मलाही पहिल्या वर्षी असंच वाटायचं. पण मामांकडे हे मशीन हौसेने आलेलं नाही. मामीच्या हातांना इसब आहे. साबणाच्या पाण्यात दोन दिवस हात घातला की बोटांना भेगा पडतात, रक्त येतं. रबरी हातमोजे घातले की आत घाम येऊन आणखी चिघळतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, भांडी घासायची नाहीत. तोपर्यंत घरी मावशी यायच्या, त्यामुळे अडत नव्हतं. (या माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. नवी मुंबईत घरकाम करणाऱ्या प्रत्येक बाईला मावशीच म्हणतात.) २५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला आणि सोसायटीने गेट बंद केलं. मावशी बाहेर, मामी आत आणि सिंकमध्ये चार माणसांची भांडी. मामा घासायचे, पण त्यांचं बँकेचं काम चालू होतं. शेवटी ऑगस्टमध्ये अडतीस हजारांचं हे मशीन आलं. त्या वर्षी अनेक घरांत हाच विचार झाला, त्यामुळे तेही वाट पाहून मिळालं.

एक गंमत म्हणून सांगते. हे यंत्र बाजारात चालेल असं पहिल्यांदा करून दाखवलं ते एका बाईने. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या जोसेफिन कॉक्रेन. त्यांना पेटंट मिळालं २८ डिसेंबर १८८६ ला, आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांचं मशीन गाजलं. त्यांनी म्हणे आधी घरातल्या बश्या आणि कप मोजले, मग त्या मापाचे तारेचे कप्पे केले. आजही आतले रॅक त्याच विचारावर आहेत. म्हणूनच आपली कढई, कुकर आणि गळ्याशी निमुळता तांब्या त्यात नीट बसत नाही. बश्यांसाठी केलेलं यंत्र आहे ते, बिचारं.

बरं, मुद्द्यावर येते. कंपनीचा माणूस मंगळवारी आला. वीस मिनिटं थांबला. मशीन उघडलंच नाही. कोड बघितला, बंद करून चालू केलं आणि वरचं वाक्य म्हणाला. भेटीचे ६५० रुपये. बोर्ड, मजुरी, कर धरून १४,६०० रुपयांचा अंदाज. आणि जाता जाता, "पाच वर्षं झाली ना सर, नवीन घ्या. एक्स्चेंजमध्ये तीन हजार मिळतील." नवीन मशीन ४६ हजारांचं.

मामांनी लगेच कागद घेतला. बँकेतला माणूस! त्यांचा हिशेब असा: दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यापेक्षा कमी असेल आणि वस्तूचं निम्मं आयुष्य उरलं असेल, तर दुरुस्त करा, नाहीतर टाका. हा नियम बऱ्याच ठिकाणी सांगितला जातो. डिशवॉशरचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरतात. म्हणजे पाच वर्षं झालेलं मशीन बरोबर काठावर. १४,६०० हे ४६ हजारांच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. पण उद्या मोटर गेली तर? मामांचा कल नव्याकडे झुकत चालला होता.

माझं म्हणणं या हिशेबाबद्दलच आहे. भागाकार बरोबर होता, पण वर जी रक्कम ठेवली होती ती कुठून आली? वीस मिनिटांत, मशीन न उघडता केलेल्या एका अंदाजातून. दुरुस्त करायचं की टाकायचं हा प्रश्न रोग कळल्यानंतरचा आहे. आपण तो आधीच विचारतो, आणि मग उत्तर नेहमी 'टाका' असंच येतं.

"मामा, रविवारपर्यंत थांबा. मी बघते," असं मी म्हणाले. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असल्याचा माज, दुसरं काय!

इथे थोडं मशीनबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. डिशवॉशर पाण्याने भरून जात नाही. तळाच्या खळग्यात तीन-चार लिटर पाणी घेतो, तेच पाणी एक पंप परत परत वर फेकतो. वर आणि खाली दोन फिरते हात असतात, त्यांना भोकं असतात. भोकांतून पाणी तिरकं बाहेर पडतं आणि त्याच्या उलट्या धक्क्याने हात फिरतो. त्यांना वेगळी मोटर नसते. (रिअॅक्शन टर्बाइनवर सात मार्कांचं उत्तर लिहिणाऱ्यांनी एकदा हे बघून यावं.) खाली हीटर असतो. काम झालं की दुसरा, छोटा पंप ते पाणी बाहेर टाकतो. असं तीन-चार वेळा होतं आणि सगळं मिळून दहा-बारा लिटर पाणी लागतं. आमच्या हॉस्टेलवर एक बादली उतू जाते तेवढ्यात हे काम होतं.

तर माझं निदान असं: मशीन घुरघुरतंय म्हणजे पाणी बाहेर टाकणारा पंप अडकलाय. पाणी बाहेर जात नाही, म्हणून नवीन आत येत नाही. एकदम तर्कशुद्ध! रविवारी जाळी काढून साफ केली. मोहऱ्या, कढीपत्ता, लिंबाची बी, एक स्टेपलरची पिन (ही कुणाच्या जेवणात होती देव जाणे) असा ऐवज निघाला. तरी घुरघुर चालूच. मग मी सरळ १,८५० रुपयांचा नवा पंप मागवला. पुढच्या रविवारी दोन तास खपून बसवला. प्लग लावला. घूंऽऽ.

मामा काही बोलले नाहीत. मामी म्हणाली, "जाऊ दे गं, शिकतेस अजून." हे जास्त लागलं.

होस्टेलवर परत आले तेव्हा जुना पंप बॅगेत होता. आमच्या होस्टेलचे वायरमन काका आहेत, त्यांना दाखवला. त्यांनी विचारलं, "रेझिस्टन्स बघितला होता का काढायच्या आधी?" नव्हता बघितला. मल्टीमीटर माझ्या कपाटात होता आणि मी तो घेऊनच गेले नव्हते. काकांनी प्रोब लावले. दीडशे ओहमच्या आसपास, म्हणजे गुंडाळी शाबूत. पाती बोटाने फिरवून बघितली, ती मोकळी. "पंप तर चांगला आहे. तो चालतोय म्हणून तर आवाज येतोय," काका म्हणाले. दोन मिनिटांचं काम. मी १,८५० रुपये घालवून तेच शिकले. कंपनीच्या माणसाला नावं ठेवत होते ना मी? त्याने न मोजता बोर्ड म्हटलं, मी न मोजता पंप म्हटलं. फरक एवढाच की माझा अंदाज स्वस्तातला होता.

पण काकांच्या त्या वाक्याने दुसरा प्रश्न सुचला. पंप ठणठणीत आहे आणि सतत चालतोय. आत तर पाणी नाही. मग हे मशीन कुठलं पाणी बाहेर फेकतंय? रिकाम्या विहिरीवर मोटर कोण चालवतं? ज्याला वाटतं विहीर भरलीय, तोच!

याचं उत्तर मॅन्युअलमध्ये होतं, छोट्या अक्षरांत. मशीनच्या तळाशी एक उथळ ट्रे असतो. कुठे गळती झाली तर पाणी फरशीवर न येता आधी त्या ट्रेमध्ये साठतं. ट्रेमध्ये थर्माकोलचा एक तरंगता तुकडा असतो, पाणी वाढलं की तो उचलला जातो आणि एक छोटा स्विच दाबतो. स्विच दाबला गेला की मशीन घाबरतं: पाणी आत घेणं बंद, बाहेर टाकणारा पंप चालू, आणि पडद्यावर कोड. घरात पूर येऊ नये म्हणून केलेली सोय आहे. बोर्ड गेलेलं नव्हतंच. उलट बोर्ड आपलं काम चोख करत होतं, आणि त्यालाच मेलेलं ठरवलं होतं!

तिसऱ्या रविवारी प्लग काढला, नळ बंद केला. मामा आणि मी मशीन पुढे ओढून हळूच मागे कलतं केलं. खालून अर्धा मग पाणी निघालं. टॉवेलने टिपलं, पंख्यासमोर तासभर ठेवलं, जोडलं. मशीनने सुरळीत पाणी घेतलं. मामीने शिरा केला. मामांनी १४,६०० चा कागद फाडला. मी होस्टेलवर येऊन सगळ्यांना दोन-दोनदा ही गोष्ट सांगितली.

नवव्या दिवशी मामीचा फोन. "अगं, परत घूं करतंय."

हे होणारच होतं. मी पाणी पुसलं होतं, पण पाणी आलं कुठून हे बघितलंच नव्हतं. ताप उतरवला आणि आजार तसाच ठेवला.

या वेळी मी आधी विचारलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा! "मामी, जूनमध्ये बंद पडायच्या आधी काही वेगळं झालं होतं का?" मामी जरा घुटमळली. मग म्हणाली, "पावडर संपली होती, म्हणून दोन दिवस भांडी घासायचं लिक्विड घातलं. थोडंसंच." तेच ते! डिशवॉशरच्या पावडरीला फेस येत नाही, मुद्दामच तशी केलेली असते. तिच्यात धुण्याचा सोडा असतो, डाग काढणारं ऑक्सिजनचं संयुग असतं, स्टार्च आणि प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. हाताने घासायच्या लिक्विडचा मात्र फेसच फेस. पंपाने तो ढवळला की दाराच्या फटीतून निघून ट्रेमध्ये उतरतो. पहिल्या वेळचं कोडं सुटलं. पण दुसऱ्यांदा तर मामीने पावडरच घातली होती.

म्हणून बाजूचा पत्रा काढला, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि मशीन चालू करून मी टॉर्च घेऊन पोटावर पडले. आत हात घातला नाही. २३० व्होल्ट, दोन किलोवॉटच्या आसपासचा हीटर आणि पाणी शेजारी शेजारी असताना घालूही नये. पत्रा काढताना आणि बसवताना प्लग बाहेर, बाकी वेळी फक्त डोळे. वीस-पंचवीस मिनिटांनी पाणी तापलं आणि दाराच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून एक थेंब सरकला. मग दुसरा. तिथलं रबरी सील दाबून बघितलं तर ते रबर राहिलंच नव्हतं. वाळलेल्या पापडीसारखं कडक झालं होतं आणि त्यावर पांढरा थर.

हा पांढरा थर म्हणजे आपल्या पाण्याची कृपा. वाशी, नेरूळ या बाजूला महापालिकेचं मोरबे धरणाचं पाणी येतं. खारघरला सिडको पाणी देते, हेटवणे धरणाचं. धरणाचं पाणी तसं मऊच. पण उन्हाळ्यात खारघरला पाणी पुरत नाही, मग सोसायटीत टँकर येतात. टँकरचं पाणी कुठल्या विहिरीचं की बोअरचं, हे विचारायची सोय नसते. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. मामांकडची टँकरच्या दिवशीची पट्टी २०० च्या बऱ्याच पुढे गेली.

डिशवॉशरमध्ये यावर उपाय असतो. आत आयन बदलणारं रेझिन असतं, ते कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडतं आणि सोडियम सोडतं. ते दमलं की जाड्या मिठाचं पाणी त्यावरून फिरवून ताजं करायचं. बारावीला आपण सगळ्यांनी पाठ केलेलं प्रकरण. तेच मीठ मामीने पहिल्या वर्षानंतर घातलं नव्हतं. "मला वाटलं, पावडर खपवायला असतं तसं मीठ खपवायला आहे." मिठाचा दिवा चार वर्षं लागलेला होता! कुणी तिला समजावून सांगितलंच नव्हतं, आणि दर रविवारी जेवून जाणाऱ्या मेकॅनिकलच्या भाचीनेही नाही.

तर मग रोग कळला. एक रबरी सील. आता पुढचा अंक. कंपनीला फोन केला तर, "हे मॉडेल भारतात बंद झालंय मॅडम, सील वेगळं येत नाही." बोर्ड येतं, सील येत नाही! ज्याला चौदा हजार लागतात ते मिळेल, ज्याला हजार लागतात ते मिळणार नाही. मग ग्राहक काय करणार? नवीनच घेणार.

हे असंच चालायला हवं असं काही नाही. युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून घरगुती डिशवॉशरसाठी नियम लागू आहे. मॉडेलचं शेवटचं नग बाजारात आल्यानंतर मोटर, पंप, हीटर, बोर्ड यांसारखे भाग कमीत कमी सात वर्षं कारागिरांना मिळाले पाहिजेत. आणि दाराची सील, फिरते हात, जाळ्या, रॅक हे भाग दहा वर्षं, तेही सामान्य ग्राहकाला. ऑर्डर दिल्यापासून १५ कामाच्या दिवसांत. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०२२ पासून डिशवॉशरवर 'हे किती दुरुस्त होण्याजोगं आहे' याचे दहापैकी मार्क छापावे लागतात. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू झालं. मे २०२५ मध्ये अशाच मार्कांच्या पद्धतीवर अहवालही आला, पण त्याचा पहिला भर मोबाईल आणि टॅब्लेटवर. भांड्यांची पाळी कधी येईल ते येईल.

मामांचं मशीन २०२० चं, तेव्हा युरोपचा नियम त्याला लागूच नव्हता. पण दारावरच्या स्टिकरवरून भागाचा नंबर शोधला तर तेच सील तिकडच्या नंतरच्या मॉडेलमध्येही होतं. मैत्रिणीचा भाऊ जर्मनीत शिकतो, तो सुट्टीला येताना बॅगेत घेऊन आला. साधारण ११०० रुपये. खोबणीतून जुनं ओढून काढायचं, खोबण पुसायची, नवं अंगठ्याने दाबत न्यायचं. पंधरा मिनिटं. सोबत १२० रुपयांचं सायट्रिक अॅसिड घालून मशीन एकदा रिकामं गरम पाण्यावर चालवलं आणि ३०० रुपयांचं मीठ भरलं.

आता एकूण हिशेब मांडते. ६५० भेट, १,८५० माझ्या शहाणपणाचे, ११०० सील, १२० अॅसिड, ३०० मीठ. झाले ४,०२०. आधी मोजलं असतं तर २,१७०.

याचा अर्थ प्रत्येक वस्तू दुरुस्तच करावी असं मी म्हणत नाही. आतली स्टीलची टाकी गंजून भोक पडलं असेल, तर मीही हात टेकीन. मोटर आणि बोर्ड दोन्ही गेले असतील, पत्र्याला शॉक लागत असेल आणि कारण सापडत नसेल, तर भावनेच्या भरात मशीन जपायचं कारण नाही. पंधरा वर्षं जुन्या फ्रिजचा विचारही वेगळा करावा लागतो, कारण तो चोवीस तास वीज खातो आणि नवा खूप कमी खाईल. डिशवॉशरचं तसं नाही. दिवसातून एकदा चालतो, एका वेळी एक युनिटच्या आसपास वीज. पाच वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या मशीनमधला फरक बिलात शोधावा लागेल. त्यामुळे 'नवीन घेतलं की वीज वाचते' हे इथे सबब म्हणून वापरू नये.

आणि तो कंपनीचा माणूस? त्याच्यावरचा राग आता उरला नाही. त्याला दिवसाला किती घरं करायची असतात ते त्याच्या घड्याळाकडे बघूनच कळत होतं. मशीन पुढे ओढून, कलतं करून, टॉर्च घेऊन अर्धा तास पोटावर पडायला त्याला कोण पैसे देतं? शोधायला वेळ लागतो, बदलायला लागत नाही. म्हणून सगळे बदलतात.

एका गोष्टीचा हिशेब मात्र मला जमला नाही, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. मशीन बंद होतं तेव्हा भांडी कुणी घासली? मावशींनी. लॉकडाऊननंतर त्या परत आल्या होत्या, पण फक्त केर-फरशीला, कमी पैशांत. कारण भांडी मशीनकडे गेली होती. जूनपासून मामीने त्यांना भांड्यांचे महिना १,२०० रुपये परत सुरू केले. जुलैच्या शेवटी नवं सील बसलं, मी विजयी वीरासारखी उभी होते, आणि मावशींनी दारातून विचारलं, "सुरू झालं का ताई?" मामी "हो" म्हणाली. मावशी "बरं झालं" म्हणाल्या आणि फडकं पिळायला गेल्या. मामांच्या कागदावर नवं मशीन, जुनं मशीन, बोर्ड, मजुरी अशा सगळ्या ओळी होत्या. ही ओळ नव्हती. माझ्याही डोक्यात नव्हती. मामीने नंतर कढया, कुकर आणि मोठी पातेली मावशींकडेच ठेवली, ५०० रुपयांत. तशीही ती मशीनमध्ये बसत नव्हती. पण १,२०० चे ५०० झाले, ते माझ्या दुरुस्तीमुळे. मामीच्या हाताच्या भेगा बघितल्या की मशीन चालू झालं ते बरंच झालं असं वाटतं. मावशींचा तो "बरं झालं" आठवला की गप्प बसावंसं वाटतं. दोन्ही खरं आहे.

आता थोडं आपल्या कॉलेजबद्दल. सहा सेमिस्टर्समध्ये मी किती प्रॅक्टिकल्स केली असतील! प्रत्येक सेटअप चालू होता. नसेल तर "तो बंद आहे, मागच्या बॅचची रीडिंग्ज घ्या" असं सांगितलं गेलं. (ही गोष्ट स्टाफनेही वाचावी म्हणून मुद्दाम लिहितेय.) व्हायव्हाला पंपाचे फायदे-तोटे विचारतात. 'हा पंप चालत नाही, का ते शोध' असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही. बिघडलेला सेटअप हाच खरा सेटअप आहे, आणि त्याच्यावर आपण कागद चिकटवून ठेवतो. होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन गीझरवर तसे कागद आहेत, मेसबाहेरच्या वॉटर कूलरवर आहे. जिन्याखालच्या खोलीत पंखे, इस्त्र्या, मिक्सर यांचा ढीग आहे तो वेगळाच.

माझी सूचना साधी आहे. महिन्यातून एका शनिवारी दुपारी वर्कशॉप उघडं ठेवावं. होस्टेलवरची बंद पडलेली एक वस्तू टेबलावर ठेवावी. वायरमन काकांना त्या दिवशी खुर्ची द्यावी, सर-मॅडमना द्यावी तशी. काका होल्डरला सिरीजमध्ये बल्ब लावून इस्त्रीचं कॉइल तुटलंय की नाही हे दहा सेकंदांत सांगतात. ती युक्ती आमच्या एकाही जर्नलमध्ये नाही. असं काही करणारे आपण पहिले नसू. अॅमस्टरडॅममध्ये २००९ साली 'रिपेअर कॅफे' सुरू झाला, शेजारीपाजारी बसून एकमेकांच्या वस्तू दुरुस्त करायचे. बेंगळुरूत २०१५ पासून तसे होतात. आपल्याकडे तर वर्कशॉप आहे, हत्यारं आहेत, बिघडलेल्या वस्तू मुबलक आहेत आणि शनिवारी दुपारी झोपण्यापलीकडे कुणाला काही काम नसतं. अट एकच ठेवावी: कारण सापडल्याशिवाय स्पेअर मागवायचा नाही. ही अट कुणाच्या पैशांनी सुचली ते वर आलंच आहे.

रेक्टर मॅडमना अर्ज दिला आहे. पहिल्या शनिवारसाठी मी दुसऱ्या मजल्यावरचा डावीकडचा गीझर सुचवलाय. बिघाड सापडला तर निदान हिवाळ्यात त्या मजल्यावरच्या मुली माझं नाव घेतील.

जाता जाता एक. डिशवॉशरचा पाणी बाहेर टाकणारा पंप, २३० व्होल्ट, जुना पण पूर्ण चालू, गुंडाळी दीडशे ओहम, माझ्या कपाटात पडून आहे. मामांच्या मशीनमध्ये नवा बसलाय तो तसाच राहू दिला. कुणाला प्रोजेक्टला हवा असेल तर घेऊन जा. पैसे नकोत. फक्त न्यायच्या आधी माझ्यासमोर मोजून बघायचा.